एमबीसिंक ‘डुप्लिकेट युआयडी’वर अडकतं, मेल दुप्पट होतात, हलवलेले मेल सर्व्हरवर दिसत नाहीत: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

ही तीनही दुखणी वरवर वेगळी दिसतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं: सिंक करणाऱ्या साधनाला कोणता मेल कोणता हे ओळखता येईनासं होतं. ही ओळख ठरते ती युआयडीवरून, म्हणजे फोल्डरमधल्या मेलच्या क्रमांकावरून. इथं मुख्य भर एमबीसिंक (सर्व्हरवरचे आणि संगणकावरचे मेल जुळवून ठेवणारं साधन) आणि मेलडिर (संगणकावर प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत ठेवायची रचना) या जोडीवर आहे. ऑफलाइनआयमॅप हे तसंच दुसरं साधन जिथं वेगळं वागतं तिथं तसं सांगितलं आहे. आज्ञा, फाइलींची नावं आणि एररचे शब्द इथं देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या पडद्यावर ते रोमन अक्षरांत असतील.

लक्षणं

एकच फोल्डर अडकतं, बाकीची सुरळीत चालतात, आणि पडद्यावर ‘मेलडिर एरर: डुप्लिकेट युआयडी १५७’ किंवा ‘युआयडी ९१२ इज बियाँड हायेस्ट असाइन्ड युआयडी ८४०’ असं येतं.

एकाच फोल्डरमध्ये तोच मेल दोनदा, कधी तीनदा दिसतो.

इनबॉक्समधून संग्रहाच्या फोल्डरमध्ये हलवलेला मेल संगणकावर दिसतो, पण फोनवर किंवा वेबमेलमध्ये तो ना इनबॉक्समध्ये असतो ना संग्रहात. सगळ्यांत घातक लक्षण हेच, कारण यात एरर येत नाही.

‘चॅनेल इज लॉक्ड’ असा संदेश येतो. किंवा ‘युआयडीव्हॅलिडिटी जेन्युइनली चेंज्ड’ असा येतो, आणि त्यानंतर ते फोल्डर कितीही वेळा चालवलं तरी पुढे सरकत नाही.

काहीही करण्याआधी

ठरल्या वेळी सिंक चालवणारा क्रॉन किंवा सिस्टिमडी टायमर बंद करा, मेल वाचायचा प्रोग्राम बंद करा, आणि संपूर्ण मेलडिरची प्रत ‘सीपी -ए’नं दुसरीकडे काढा. टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली त्या प्रतीत आल्याच पाहिजेत, कारण सगळा हिशेब त्यांच्यातच असतो. स्टेट फाइल (दोन्ही बाजूंच्या मेलची सांगड ठेवणारी ‘टिंब-एमबीसिंकस्टेट’) मेलडिरच्या बाहेर ठेवली असेल तर तिचीही प्रत त्याच वेळी घ्या. एकाची सकाळची आणि दुसऱ्याची संध्याकाळची प्रत एकत्र वापरली तर नवाच घोळ होतो.

आणि एक कळकळीचं सांगणं: स्टेट फाइल उडवू नका. ‘टिंब-एमबीसिंकस्टेट डिलीट करा आणि परत चालवा’ हा सल्ला जागोजागी मिळतो. त्यानं एरर जाते हे खरं, पण दोन्ही बाजू भरलेल्या असताना ती फाइल गेली की साधनाला दोन्हीकडचे सगळे मेल नवे वाटतात. मग सर्व्हरचे सगळे खाली येतात, संगणकावरचे सगळे वर जातात. आठ हजार मेलचं फोल्डर एका फेरीत सोळा हजारांचं होतं, तेही दोन्ही बाजूंना.

साधन मेल ओळखतं कसं

एवढं समजलं की खालच्या प्रत्येक तपासणीचं कारण आपोआप कळतं, म्हणून हा भाग गाळू नका.

मेलमधला मजकूर साधन ताडून पाहत नाही. मेसेज-आयडीवरही ते विसंबत नाही, कारण तो हेडर सक्तीचा नसतो आणि दोन मेलचा एकच असू शकतो. मेलिंग लिस्टवरून आलेली प्रत आणि थेट आलेली प्रत, दोन्हींचा मेसेज-आयडी सारखाच असतो. ओळख ठरते ती क्रमांकावरून. आयमॅपच्या, म्हणजे सर्व्हरवरचे मेल हाताळण्याच्या पद्धतीच्या, नियमांत (आरएफसी ३५०१, सन २००३, नंतर आरएफसी ९०५१, सन २०२१) सर्व्हर प्रत्येक फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला ३२ बिटांचा युआयडी देतो. हा क्रमांक चढत जातो आणि एकदा वापरलेला पुन्हा दिला जात नाही. ही हमी मात्र त्या फोल्डरची युआयडीव्हॅलिडिटी (त्या क्रमांकांच्या मालिकेची ओळख सांगणारा आकडा) तीच असेपर्यंतच. म्हणजे फोल्डरचं नाव, युआयडीव्हॅलिडिटी आणि युआयडी ही तिन्ही मिळून एका मेलची ओळख. मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की त्याला तिथला नवा क्रमांक मिळतो.

मेलडिरमध्ये असा क्रमांक मुळातच नाही. तिथं एक मेल म्हणजे एक फाइल, आणि ओळख म्हणजे फाइलचं नाव. त्यामुळे साधनांनी क्रमांक नावातच डकवला. एमबीसिंकनं उतरवलेल्या एका फाइलचं नाव असं दिसतं:

१७०४०६७२००.४२१७_३.होस्ट,यू=१५७:२,आरएस

पहिला तुकडा वेळ, प्रोसेसचा क्रमांक आणि संगणकाचं नाव यांचा. ‘,यू=१५७’ हा साधनानं दिलेला क्रमांक. ‘:२,’च्या पुढची अक्षरं म्हणजे खुणा: ‘एस’ वाचलेला, ‘आर’ उत्तर दिलेला, ‘एफ’ तारांकित, ‘टी’ काढून टाकायचा. तुम्ही मेल वाचता तेव्हा प्रोग्राम फक्त ही शेवटची अक्षरं बदलतो, त्याआधीचं नाव तसंच राहतं, म्हणून साधनाला मेल पुन्हा सापडतो.

आता खरी मेख. एमबीसिंकच्या नावातला १५७ हा सर्व्हरचा क्रमांक नाही. तो एमबीसिंकनं आपल्या बाजूनं दिलेला स्थानिक क्रमांक आहे. शेवटचा कोणता क्रमांक दिला हे त्याच फोल्डरमधल्या ‘टिंब-युआयडीव्हॅलिडिटी’ फाइलच्या दुसऱ्या ओळीत असतं. स्थानिक १५७ म्हणजे सर्व्हरवरचा कितवा, ही सांगड स्टेट फाइलमध्ये असते. ती साधी टेक्स्ट फाइल आहे, उघडून पाहा. वर ‘फारयुआयडीव्हॅलिडिटी’, ‘निअरयुआयडीव्हॅलिडिटी’, ‘मॅक्सपुल्डयुआयडी’, ‘मॅक्सपुश्डयुआयडी’ अशा ओळी, मग एक रिकामी ओळ, आणि खाली एकेका मेलची नोंद: ‘४८२११ १५७ एस’. आधी सर्व्हरचा क्रमांक, मग स्थानिक, मग शेवटच्या फेरीतल्या खुणा. १.४च्या आधीच्या आवृत्त्यांत ‘फार’ आणि ‘निअर’च्या जागी ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ दिसेल.

ऑफलाइनआयमॅपची रीत वेगळी. तिथं नावातला क्रमांक सर्व्हरचाच असतो, आणि सोबत ‘एफएमडी५=’ म्हणून फोल्डरच्या नावाचा हॅश (नावावरून काढलेला खुणेचा आकडा) असतो. फाइल भलत्या फोल्डरमध्ये गेली की हॅश जुळत नाही, आणि साधन तिला गुपचूप नवा मेल धरतं. त्यामुळे फाइली नुसत्या हलवण्याची सवय तिथं खपून जाते. ऑफलाइनआयमॅपवरून एमबीसिंकवर आलेल्यांना डुप्लिकेट युआयडी जास्त छळतो, तो यामुळेच.

१. एकाच वेळी दोन फेऱ्या चालू आहेत का

‘पीग्रेप एमबीसिंक’ करून पाहा. क्रॉन दर दोन मिनिटांनी चालतो आणि फेरीला तीन मिनिटं लागतात, म्हणून दुसरी फेरी पहिलीला धडकते, हे नेहमीचं. ‘लॉक्ड’चं हे सर्वांत साधं कारण. लॉकची फाइल पुसून काही साधत नाही. लॉक चालू प्रोसेसचा असतो, प्रोसेस संपली की तो सुटतो, मग फाइल तिथं पडून राहिली तरी चालते. वेळापत्रक सैल करा, किंवा क्रॉनच्या ओळीत ‘एफलॉक -एन’ घाला, म्हणजे एक फेरी चालू असताना दुसरी सुरूच होत नाही.

२. जागा आणि आयनोड

‘डीएफ -एच’ सगळेच पाहतात, ‘डीएफ -आय’ पाहायचं राहून जातं. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलला एक आयनोड (डिस्कवरच्या फाइलची नोंद) लागतो. डिस्कवर जागा रिकामी असूनही आयनोड संपले तर नवी फाइल बनत नाही आणि फेरी अर्ध्यात तुटते. सर्व्हरचा कोटाही पाहा. तो भरला की वर जाणारे मेल नाकारले जातात.

फेरी अर्ध्यात तुटली तर ‘टिंब-एमबीसिंकस्टेट-जर्नल’ मागे राहते. तिला हात लावू नका. पुढच्या फेरीत साधन तीच वाचून उरलेलं काम पुरं करतं. ती पुसली तर वर गेलेल्या पण नोंद व्हायच्या राहिलेल्या मेलची दुसरी प्रत तयार होते.

३. मेल खरंच दुप्पट आहे का

दोन प्रती एकाच फोल्डरमध्ये आहेत की दोन फोल्डरमध्ये? जीमेलवर लेबलं आयमॅपमध्ये फोल्डर म्हणून दिसतात, आणि ‘ऑल मेल’मध्ये जवळजवळ सगळेच मेल पुन्हा असतात. इनबॉक्समध्ये एक आणि ‘ऑल मेल’मध्ये एक, ही दुप्पट नव्हे. कॉन्फिगच्या ‘पॅटर्न्स’ ओळीत नको असलेली फोल्डरं वगळली की प्रश्न मिटला.

‘फोनवर अजून दिसतो, मी तर काढून टाकला होता’ ही तक्रारही ओळख बिघडल्याची नसते. एमबीसिंकमध्ये ‘एक्सपंज’ (खूण केलेले मेल कायमचे काढणं) या सेटिंगचं मूळ मूल्य ‘नन’ आहे. मेलवर काढून टाकल्याची खूण चढते, पण तो प्रत्यक्षात निघत नाही. तो निघायला हवा असेल तर सेटिंग बदला, मात्र हे पान पूर्ण वाचून झाल्यावर. ओळख बिघडलेली असताना ‘एक्सपंज बोथ’ लावणं धोक्याचं आहे.

४. डुप्लिकेट क्रमांकाच्या फाइली शोधा

अडकलेल्या फोल्डरच्या ‘कर’ आणि ‘न्यू’ या दोन्ही उपफोल्डरांमधली नावं एकत्र घ्या. ‘ग्रेप -ओ’नं ‘यू=’ आणि पुढचे आकडे वेगळे काढा, मग ‘सॉर्ट’, मग ‘युनिक -डी’. दोनदा आलेला प्रत्येक क्रमांक समोर येईल.

समजा १५७च्या दोन फाइली सापडल्या. एक या फोल्डरमधली मूळची, दुसरी बाहेरून येताना आपल्या जुन्या फोल्डरचा १५७ घेऊन आलेली. उपाय एका वाक्याचा: बाहेरून आलेल्या फाइलच्या नावातून ‘,यू=१५७’ एवढाच तुकडा, स्वल्पविरामासकट, काढा. अलीकडचं नाव आणि पलीकडच्या खुणा तशाच ठेवा. पुढच्या फेरीत साधन तिला नवा मेल समजून नवा क्रमांक देईल आणि वर पाठवेल.

पण बाहेरची कोणती, हे आधी नक्की करा. इथली चूक महागात पडते. समजा मूळ मेल ‘अ’ आणि आलेला मेल ‘ब’. चुकून ‘अ’चा क्रमांक काढला, तर १५७ आता ‘ब’कडे राहिला. स्टेट फाइलनुसार १५७ म्हणजे सर्व्हरवरचा ४८२११, आणि तो तर ‘अ’ आहे. साधन मानतं की ‘ब’ वर पोचलेलाच आहे, म्हणून त्याला पाठवत नाही. तिकडे जुन्या फोल्डरमधून ‘ब’ निघून गेलेला दिसतो, म्हणून तिथून तो सर्व्हरवरही काढला जातो. आता ‘ब’ची एकमेव प्रत तुमच्या डिस्कवर आहे. ‘अ’ मात्र वर दोनदा.

ओळखायची सोपी रीत: वेबमेल उघडा आणि दोन्हींपैकी कोणता मेल सर्व्हरच्या या फोल्डरमध्ये आहे ते पाहा. जो आहे त्याचा क्रमांक ठेवा. ठरवता येत नसेल तर दोन्हींचे क्रमांक काढा. मग दोन्ही नवे म्हणून वर जातील आणि जुनी नोंद काढल्यासारखी धरली जाईल. सर्व्हरवर क्रमांक बदलतील, पण मेल एकही हरवणार नाही. शंका असताना हाच मार्ग.

दोन्ही फाइलींत एकच मेल निघाला तर एक फाइल मेलडिरच्या बाहेर हलवून ठेवा. ताडून पाहताना त्या अक्षरन् अक्षर जुळल्या नाहीत तर दचकू नका. मेल पाठवताना मध्येच तुटलं तर तो पुन्हा सापडावा म्हणून एमबीसिंक ‘एक्स-टीयुआयडी’ नावाचा, १२ अक्षरांचा हेडर घालतं. तेवढ्या एका ओळीनं फरक पडतो.

‘बियाँड हायेस्ट असाइन्ड’ची एरर याच कुळातली. आलेल्या फाइलचा क्रमांक या फोल्डरनं अजून दिलेलाच नसतो, एवढाच फरक. उपायही तोच. अपवाद एकच: बॅकअपमधून जुनी ‘टिंब-युआयडीव्हॅलिडिटी’ परत आणली असेल आणि एकूण एक नवे मेल ‘बियाँड’ दिसत असतील, तर फाइलींची नावं बदलत बसू नका. त्या फाइलची आणि स्टेट फाइलची एकाच वेळची जोडी शोधून परत ठेवा.

५. फाइली हलवतंय कोण

हे केलं नाही तर चौथी पायरी दर आठवड्याला करावी लागेल. मेल हलवताना नाव तसंच ठेवणारा प्रोग्राम किंवा स्क्रिप्ट शोधा. म्यूफोरई (ईमॅक्समधला मेल प्रोग्राम) वापरत असाल तर ‘म्यूफोरई-चेंज-फाइलनेम्स-व्हेन-मूव्हिंग’ हे ‘टी’, म्हणजे चालू, करा. नॉटमच (मेल शोधायचं साधन) सोबत एफ्यू (मेलला आपोआप टॅग लावणारं साधन) असेल तर मेलमूव्हरमध्ये ‘रीनेम’ चालू करा. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर ‘एमव्ही’च्या आधी नावातला ‘,यू=’ आणि आकडे काढणारी एक ओळ तिच्यात घाला.

आता त्या बिनएररच्या लक्षणाबद्दल. ‘ब’ १५७ घेऊन आला, पण नव्या फोल्डरमध्ये १५७ची फाइल आता नाही, कधीच काढली गेली. दोन फाइली नाहीत, म्हणून एररही नाही. क्रमांक ‘मॅक्सपुश्डयुआयडी’पेक्षा (वर पाठवलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या क्रमांकापेक्षा) लहान, म्हणून साधनाच्या हिशेबी तो जुना, आधीच पाहिलेला. मेल वर जात नाही आणि कोणी काही बोलतही नाही. म्हणून डुप्लिकेट युआयडीची एरर एकदा जरी आली, तरी समजा की असे गप्प बसलेले मेलही असणार. ‘युनिक -डी’वर थांबू नका. ‘कर’ आणि ‘न्यू’मधला प्रत्येक ‘यू=’ क्रमांक स्टेट फाइलच्या दुसऱ्या रकान्यात आहे का ते ताडा. जो तिथं नाही तो मेल वेबमेलमध्ये शोधा, आणि तिथंही नसेल तर नावातला क्रमांक काढून पुढची फेरी चालवा. ‘मॅक्समेसेजेस’ लावून जुने मेल संगणकावर मर्यादित ठेवले असतील तर मात्र ही तुलना घाईनं करू नका, आकडे वेगळे निघू शकतात.

६. मेलडिर ठेवली कुठे आहे

ड्रॉपबॉक्स, सिंकथिंग असल्या फाइल-सिंकच्या फोल्डरमध्ये मेलडिर ठेवू नका. दोन संगणकांवर एकाच मेलच्या खुणा बदलल्या की नावं वेगळी होतात आणि दोन्ही फाइली शिल्लक राहतात, क्रमांक तोच. सिंकथिंगच्या प्रतींच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असतं, ‘फाइंड’नं लगेच सापडतात. दोन संगणकांवर मेल हवे असतील तर दोन्हीकडे स्वतंत्र मेलडिर आणि स्वतंत्र स्टेट ठेवा, दोघांनाही थेट सर्व्हरशी बोलू द्या.

पेनड्राइव्ह किंवा विंडोजच्या डिस्कवर मेलडिर असेल तर नावातला ‘:’ चालत नाही. तिथं ‘इन्फोडिलिमिटर’ बदलून ‘;’ ठेवावा लागतो, आणि मेल वाचणाऱ्या प्रोग्रामलाही तेच सांगावं लागतं.

७. युआयडीव्हॅलिडिटी बदलली का

वरच्या सगळ्यात काही सापडलं नाही आणि एररमध्ये हा शब्द आहे, तर सर्व्हरनं आपले जुने क्रमांक रद्द केले आहेत. फोल्डर काढून त्याच नावानं पुन्हा बनवलं, मेल नव्या सर्व्हरवर गेले, किंवा सर्व्हरचा बॅकअप परत आणला की असं होतं. तपासायला ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट’नं ९९३ पोर्टवर जोडा, लॉगिन करा आणि ‘स्टेटस’ आज्ञेनं त्या फोल्डरची ‘युआयडीव्हॅलिडिटी’ आणि ‘युआयडीनेक्स्ट’ विचारा. आलेला आकडा स्टेट फाइलमधल्या ‘फारयुआयडीव्हॅलिडिटी’शी ताडा. एमबीसिंक आधी स्वतः सावरायचा प्रयत्न करतं: दोन्ही बाजूंच्या जोडीतल्या मेलचे मेसेज-आयडी जुळतात का पाहतं. जुळले तर पुढे जातं. नाही जुळले तर थांबतं, आणि त्याचं थांबणं बरोबरच आहे.

उपाय: स्थानिक फोल्डर आणि त्याची स्टेट फाइल जोडीनं बाजूला हलवा. एकटं फोल्डर किंवा एकटी स्टेट फाइल कधीच नाही. फोल्डर गेलं आणि स्टेट उरली, तर हिशेबात ‘सगळे मेल इथून काढले’ असं दिसतं. मग फक्त सर्व्हरकडून खाली अशी एक फेरी ‘--पुल’ लावून चालवा. ती झाल्यावर जुन्या आणि नव्या फोल्डरचे मेसेज-आयडी ताडा, जे फक्त जुन्यात आहेत ते नावातला क्रमांक काढून नव्यात घाला. मोठ्या खात्यावर वेळ हाताशी ठेवा. जीमेल आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबी खाली आणि ५०० एमबी वर एवढंच जाऊ देतं, मर्यादा ओलांडली की खातं काही काळ अडवलं जातं.

ऑफलाइनआयमॅपमध्ये पद्धत तीच, पण तिथं नावातला क्रमांक सर्व्हरचा असल्यानं व्हॅलिडिटी बदलल्यावर जुनी नावं पूर्ण निरुपयोगी होतात. जुन्या फाइली नव्या फोल्डरमध्ये घालताना ‘यू=’ आणि ‘एफएमडी५=’ दोन्ही काढा.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

युआयडीव्हॅलिडिटी एकदा दुरुस्त केल्यावर काही दिवसांत पुन्हा बदलली, तर दोष सर्व्हरवर आहे. तुमच्या बाजूनं कितीही फेऱ्या चालवल्या तरी तो सुटणार नाही, सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाच सांगावं लागेल. त्यांना दोन वेगळ्या दिवसांची ‘स्टेटस’ची उत्तरं तारीख-वेळेसकट द्या.

कर्नलच्या लॉगमध्ये डिस्कच्या वाचन-लेखनाच्या एरर दिसत असतील, किंवा काही मेलच्या फाइली शून्य बाइटच्या निघाल्या, तर एकही सिंक चालवू नका. संगणक बंद करून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क द्या.

काही मेल फक्त तुमच्या डिस्कवर आहेत, सर्व्हरवर नाहीत, आणि प्रत काढलेली नाही: चौथ्या आणि सातव्या पायरीला हात लावू नका. कार्यालयाच्या खात्यावर मेल जपून ठेवण्याचा नियम लागू असेल तरीही तेच, कारण क्रमांक काढून मेल पुन्हा वर चढवला की सर्व्हरच्या दृष्टीनं तो नवा मेल असतो आणि जुना काढलेला.

जाणकाराकडे जाताना सोबत न्यायचं ते हे: ‘एमबीसिंक -व्ही’नं चालवलेल्या अडकलेल्या फेरीचं पूर्ण आउटपुट (‘व्ही’ कॅपिटल), साधनाची आवृत्ती, पासवर्ड काढून टाकलेली कॉन्फिग फाइल, आणि त्या एका फोल्डरची स्टेट फाइल व ‘टिंब-युआयडीव्हॅलिडिटी’, दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या.